डिंपलच्या गाडीचा विमा

१

डिंपल हटवार पाच फूट आठ इंच उंच होती. आंधळगावच्या कबड्डीच्या मुली तिला जिराफ म्हणायच्या. आणि ज्या गाडीत ती बुडून मेली, त्या गाडीची ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली होती.

ज्योत्सना कापगते मोहाडीच्या गॅरेजमागे त्या गाडीपाशी उभ्या होत्या. तलावातून ट्रॅक्टरने ओढून काढलेली ती जुनी पांढरी गाडी दोन आठवडे उन्हात वाळत होती. ज्योत्सनाबाई भंडाऱ्याच्या. अठरा वर्षं विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करत होत्या. या दाव्यावर कंपनीने लाल शेरा मारला होता. अपघाताच्या दिवशी लायसन जेमतेम दीड महिन्याचं, पॉलिसी एकोणीस दिवसांची, आणि मालक मयत.

सीट मागे सरकते का ते त्यांनी पाहिलं. खालचा दांडा गाळाने गच्च बसला होता. म्हणजे गाडी पाण्यात गेली तेव्हा सीट इथेच होती. त्या स्वतः आत बसायला गेल्या. त्यांची उंची बेताचीच, तरी गुडघे स्टिअरिंगला लागले. बुडाखाली काहीतरी जाड होतं. चार पदरी घडी घातलेली, गाळाने कडक झालेली गोधडी.

उंच मुलगी गोधडीवर बसून गाडी का चालवेल?

त्यांनी वहीत बाकीचंही टिपून घेतलं. डाव्या सीटचा पट्टा अर्ध्यावर तुटून लोंबतोय. मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचं मोठं 'एल' अक्षर, पट्टी नवी. उजवीकडची काच पूर्ण खाली.

मग त्या बाहेर आल्या आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "गाडीत पोरगी एकटीच होती ना?"

"हाव जी, सारं गाव तसंच सांगते," तो म्हणाला. "नवी नवी लायसन भेटली होती. भरधाव चालवत होती म्हणतात. एवढ्या लहान पोट्टीच्या हाती गाडी देतच नाही जी कोणी."

२

हटवारांच्या अंगणात धानाची पोती रचलेली होती. सोमाजी हटवार खाटेवर बसले होते, डोळ्यांवर हिरवा पडदा असलेला चष्मा. साखरेने त्यांची नजर अधू केली होती. दर महिन्याला भंडाऱ्याला जाऊन डोळ्यात सुई घ्यावी लागायची. डिंपलने गाडी घेतली ती त्यासाठीच.

"एकटीच गेली होती," ते म्हणाले. प्रश्न विचारण्याआधीच म्हणाले. "गाडीचा हात बसावा म्हणून सकाळची तलावाकडं गेली. तलावाच्या बांधावर, पाळीवर गाडी सांभाळता नाही आली तिले. नवशिकी होती मॅडम. दुसरं काही नाही."

मंदाबाई उंबऱ्यात बसून होत्या. लहानखुऱ्या, इतक्या की भिंतीला टेकलेल्या कोणी शाळकरी मुलगी वाटाव्यात. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"हाताला काय झालं?"

उत्तर सोमाजींनी दिलं. "बातमी ऐकली अन् पायरीवरून पडली. खांद्याचं हाड मोडलं."

ज्योत्सनाबाईंनी दाव्याचा अर्ज काढला. अपघाताची खबर मंदाबाईंचे भाऊ चंद्रकुमार यांनी कंपनीला दिली होती. अर्ज मात्र अजून कोराच होता. मालक गाडीच्या अपघातात गेला तर त्याच्या वारसाला पंधरा लाख. वारस म्हणून डिंपलने एकच नाव लिहिलं होतं: मंदा सोमाजी हटवार.

"ताई, हे पैसे तुम्हाला मिळायचे आहेत. इथे 'चालक' लिहिलंय, तिथे डिंपलचं नाव आणि खाली तुमची सही. हात दुखत असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो."

मंदाबाईंनी डावा हात पदराखाली ओढून घेतला.

"देऊन टाक व," सोमाजी म्हणाले. आवाज चिडका नव्हता, केविलवाणा होता. "मंदे, देऊन टाक ना."

त्यांनी मान हलवली. नाही. पोर गेल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, असं शेजारणीने बाहेरून सांगितलं. मान हलवताना त्यांचा पदर खांद्यावरून सरकला, आणि ज्योत्सनाबाईंना एक वळ दिसला. उजव्या खांद्यापासून छातीकडे तिरपा उतरत गेलेला, हिरवट पडत चाललेला, चार बोटं रुंद.

पायरीवरून पडल्यावर असा वळ उठत नाही. पण तो कशाने उठतो, हे त्यांना त्या क्षणी आठवेना.

३

पॉलिसी लाखनीहून निघाली होती. हायवेला ट्रकांच्या गर्दीत, टायर पंक्चरच्या आणि चहाच्या टपऱ्यांमध्ये भुपेंद्र पटले यांची एक खुर्ची, एक प्रिंटर एवढीच एजन्सी.

"मले वाटलंच होतं तुमी येसाल," भुपेंद्र म्हणाले. पन्नाशीचा जाडसर माणूस; डिंपलचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्वस्तात विमा पाहिजे म्हणून ते पोरगी मोहाडी फिरली, भंडारा फिरली, अन् मग एसटीनं माझ्याकडं आली. तीनदा आली. पहिल्या बारीनं काय विचारलं सांगू? म्हणे, काका, माझी लायसन नवी आहे म्हणून मले महाग लावता का?"

"मग?"

"मी म्हटलं, बाई, थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. तू नवी अस का जुनी अस, तोच लागते. बाकी जो तुले महाग सांगून राहिला, तो वरचं जोडून राहिला. मग बसली इथं. कागदावरची एकेक ओळ वाचली. हे कायले, ते कायले. म्हणे, गाडी जुनी आहे, गाडीच्या नुकसानीचं काढून टाका. रस्त्यावर मदत काढा, मामा मेकॅनिक आहे माझा. काढत काढत पार खाली आणलं तिनं. अन् मालकाचा अपघात विमा होता, तो मीच काढून राहिलो होतो. तिनं माझा हात धरला. म्हणे, हे राहू द्या काका. हे मम्मीसाठी आहे."

बाहेरून एक ट्रेलर गेला. भुपेंद्र यांनी टेबलावरचा चष्मा पुन्हा घातला.

"अशी पोरगी भरधाव चालवन म्हणता? मले पटत नाही जी. एकेक अट विचारून घेतली तिनं. अपघाताच्या सहा दिवस आधी बी तिचा मेसेज आला होता."

त्यांनी फोन पुढे केला. डिंपलचा मेसेज होता: 'काका, शिकणाऱ्याकडे कच्चं लायसन असन, गाडीवर एल लावला असन अन् मी बाजूच्या सीटवर बसली असन, तर आपला विमा चालते ना?'

खाली भुपेंद्र यांचं उत्तर: 'चालते बेटा. तुझी लायसन पक्की आहे ना, मग चालते.'

ज्योत्सनाबाईंनी ते दोनदा वाचलं. डिंपलचं लायसन पक्कं झालं होतं. मग काचेवरचा तो नवा 'एल' तिच्यासाठी नव्हताच. त्या गाडीत दुसरंच कोणीतरी शिकत होतं.

४

बुटकी माणसं दोन सापडली.

पहिले चंद्रकुमार, डिंपलचे मामा. गाडी मूळची त्यांचीच. भाचीला अगदी कमी दरात दिलेली. आंधळगावच्या चौकात त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जेमतेम पाच फूट उंची, आणि दारू पिऊन चालवल्यामुळे लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित. खबर द्यायची घाई त्यांनीच केली होती.

"मी चालवत होतो असं म्हणता का?" ते हातातला पाना न ठेवताच म्हणाले. "मॅडम, त्या सकाळी मी धान खरेदी केंद्रावर होतो. टोकन माझं, अंगठा माझा, पाहून घ्या. अन् आठ वर्षं ती गाडी हाकली मी. मले गोधडी लागत नाही, एल बी लागत नाही." मग पाना हातातून खाली ठेवला. "घाई केली, हे खरं. ताईचं मन ठिकाणावर नाही, भाऊजीले दिसत नाही. भाचीनं ठेवलेलं तेवढं तरी त्यायले भेटावं. यात माझं काय चुकलं?"

केंद्रावरची नोंद खरी निघाली.

दुसरी रक्षा. डिंपलची शेजारीण आणि कबड्डीतली जोडीदार, बुटकी, चपळ. अपघाताच्या दिवसापासून ती गावात नव्हती. मोहाडीला मावशीकडे जाऊन राहिली होती. ज्योत्सनाबाईंना पाहताच तिने दार लावून घ्यायला पाहिलं.

"तो 'एल' कोणी चिकटवला, रक्षा?"

दार अर्धवट थांबलं.

"आमी दोघीनं," ती म्हणाली. "मी कापला. डिंपलनं लावला."

"तू शिकत होतीस?"

"नाही! मले सतरा चालू आहे. मी किती मांगं लागली तिच्या. पण म्हणे, अठराची हो, कच्चं लायसन काढ, मंगच स्टिअरिंगले हात लावजो." तिचा चेहरा एकदम चुरगळला. "गावात लोकं म्हणतात, ते मस्तीत चालवत होती. मी उभी राहून ऐकू शकत नाही. म्हणून आली इथं."

"मग कोण शिकत होतं?"

रक्षाने तोंडावर हात दाबला. "सोमाजीकाकानं शपथ घातली. मले नका विचारू."

ज्योत्सनाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. गप्प राहायला सांगितलं होतं ते सोमाजींनी. आणि माणूस अशी शपथ परक्यासाठी घालत नाही.

५

त्या पुन्हा गॅरेजमागे गेल्या. यावेळी उजवीकडे नाही, डावीकडे. वाकून त्यांनी लोंबता पट्टा बोटांत धरला. पहिल्या दिवशी 'तुटलेला' असं लिहिलं होतं. तुटलेल्या पट्ट्याचे धागे विस्कटतात. याची कड सुरीने पेरू कापावा तशी सरळ होती.

ड्रायव्हरचा पट्टा मात्र धड होता; खटका उघडून मोकळा केलेला.

रिकाम्या सीटचा पट्टा कोणी कापत नाही.

बुधराम मेश्राम तलावाच्या काठावर जाळं वाळत घालत होते. त्यांचं आयुष्य या तलावातल्या मासळीवर गेलेलं. डिंपलला पाण्यातून त्यांनीच काढलं होतं. पोलिसांना त्यांनीच सांगितलं होतं, पोरगी एकटी, ड्रायव्हरच्या जागेवर.

ज्योत्सनाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "बुधरामभाऊ, तुमच्या कमरेला चाकू असतो ना?"

"जाळ्यात काही अडकते, मंग लागते."

"डाव्या सीटचा पट्टा त्यानंच कापला?"

बुधराम जाळ्याच्या गाठी सोडवत होते. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"गाडी डाव्या अंगावर गाळात बसली होती," ते म्हणाले. "तिकडचं दार उघडतच नव्हतं. मी डोंग्यावरून, माझ्या होडीवरून उडी मारली. जवळ गेलो त उजव्या खिडकीतून मंदाबाई वर येऊन राहिली. कोणीतरी तिले खालून ढकलून राहिलं होतं. दोन हात दिसले मले, पाण्याच्या वर. पोरीचे हात. आईले काठावर टाकलं अन् पुन्हा गेलो. डिंपलचा पट्टा निघतच नव्हता. कापला मी. पण वेळ झाला होता, मॅडम. उलीसा, जरासाच वेळ, पण झाला होता."

"मग खोटं का सांगितलंत?"

"सोमाजीनं माझे पाय धरले. म्हणे, पोरगी तर गेली, आता बायको जेलात जाईन. आंधळा माणूस पाय धरते, मी काय करू सांगा? मले वाटलं, मेलेल्या पोरीचं काय बिघडते." त्यांनी डोळे पुसले. "पण लोकं तिले भरधाव म्हणतात ना, तवा माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

६

त्या हटवारांच्या घरी पोचल्या तेव्हा चंद्रकुमारही आलेले होते. ज्योत्सनाबाई खाटेसमोर पोत्यावर बसल्या.

"सोमाजीभाऊ, मी सांगते, तुम्ही ऐका. सीट पुढे होती, वर गोधडी होती. चालवणारी व्यक्ती लहानखुरी होती. 'एल' नवा होता, म्हणजे ती शिकत होती. चंद्रकुमार शिकाऊ नाहीत आणि खरेदी केंद्रावर होते. रक्षाला डिंपलने कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. डिंपलचा पट्टा डाव्या सीटवर कापला गेला. आणि मंदाताईंच्या उजव्या खांद्यावरून पट्ट्याचा वळ आहे. आपल्या गाडीत पुढे बसणाऱ्यांपैकी उजव्या खांद्यावरून पट्टा फक्त ड्रायव्हरच्या येतो."



"तिनं नाही चालवली," सोमाजी म्हणाले. "माझी डिंपल चालवत होती. मी सांगतो ना. माझी बायको कधी सायकलवर बी बसली नाही. तिच्यापाशी लायसन नाही, काही नाही…"

"आहे."

आवाज घोगरा होता, दोन आठवडे न वापरलेला. सोमाजींनी चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला.

मंदाबाई उठून आत गेल्या आणि एका हाताने डिंपलची प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. आत एक छापील कागद होता, त्यावर मंदाबाईंचा घाबरलेला फोटो. कच्चं लायसन. अपघाताच्या आठ दिवस आधीचं.

"पोरीनं काढून देलं," त्या म्हणाल्या. "जानेवारीत तिले नर्सिंगले नागपूरले जायचं होतं. म्हणे, मम्मी, मी गेल्यावर पप्पाच्या डोळ्याले कोण नेईन? तू शीक. तुमाले सांगितलं असतं त तुमी नाही म्हटलं असतं. म्हणून सांगितलं नाही."

"मंदे…"

"हळूच चालवत होती मी. पायानं चालणारा मांगं टाकन इतकी हळू. पाळीवर बकऱ्या एकदम वर आल्या. डिंपल म्हणे, ब्रेक, मम्मी. मी दाबला. ब्रेक नव्हता तो." त्यांनी फाइल मिटून उंबऱ्यावर ठेवली. "पाण्यात तिनं पहिले माझा पट्टा सोडला. माझा. म्हणे, खिडकीतून निघ. मले वाटलं ते माझ्या मांगंच येऊन राहिली."

सोमाजी खाटेवरून खाली उतरले, चाचपडत, आणि उंबऱ्यापाशी येऊन त्यांनी बायकोचे पाय शोधले. "मले काहून नाही सांगितलं लायसन आहे म्हणून? मी पोरीवर आळ घेतला, मंदे. माझ्या पोरीवर."

"तुमी म्हणत होते, तू बी गेली त मी कोणासाठी जगू. मी काय बोलू?" त्या त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाल्या. "बोलली नाही. पण तिच्या नावावर खोटी सही नाही होत माझ्याच्यानं."

ज्योत्सनाबाईंनी पॉलिसी उघडली. अठरा वर्षांत त्यांनी अनेक घरांत वाईट बातमी दिली होती. ही चांगली होती आणि तीच सांगणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

"या विम्यात मालक चालवतानाच गेला पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःचं लायसन असलेला मालक शेजारी, सहचालक म्हणून बसला असेल, तरी दावा बसतो. डिंपलने ते विचारून घेतलं होतं. खरं सांगितलं असतं तरी पैसे मिळाले असते."

चंद्रकुमार मटकन खाली बसले. "म्हणजे हे सारं…"

"पैशांसाठी काही गरज नव्हती," ज्योत्सनाबाई म्हणाल्या. "एकच बरं झालं. मंदाताईंनी सही केली नाही. केली असती, तर खोटा दावा म्हणून कंपनीने तो तिथेच फेकला असता. आता जो अर्ज जाईल तो पहिलाच जाईल, आणि खरा जाईल. पण पोलिसांत जबाब बदलावा लागेल. तुम्हा दोघांना, बुधरामभाऊंना. केस होईल ताई. तुमच्यावर. मी ते लपवणार नाही."

"होऊ द्या," मंदाबाई म्हणाल्या.

७

पुढे केस झाली आणि ती अजून चालू आहे. दावा चार महिन्यांनी मंजूर झाला. पैसे आले तेव्हा मंदाबाईंनी पासबुक उघडूनही पाहिलं नाही, असं भुपेंद्र यांनी ज्योत्सनाबाईंना फोनवर सांगितलं. दर महिन्याला त्या नवऱ्याचा हात धरून एसटीने भंडाऱ्याला जातात. गाडी भंगारात गेली. रक्षा गावात परत आली. आता चौकात कोणी डिंपलबद्दल तसं बोलत नाही, निदान तिच्या देखत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ठाण्यात फक्त एक लाकडी बाक होता आणि समोर जबाब लिहिणारा एक तरुण हवालदार. मंदाबाई बाकावर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी सोमाजी, दाराशी बुधराम. ज्योत्सनाबाई भिंतीला टेकून उभ्या.

हवालदाराने जुना जबाब वाचून दाखवला. 'मयत ही नवशिकी असल्याने भरधाव वेगात…'

"ते खोडा," मंदाबाई म्हणाल्या.

"जुना खोडता येत नाही बाई. नवीन लिहावा लागते. सांगा, गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

पेन जरा थांबलं आणि चाललं.

"मयत कुठं बसली होती?"

"माझ्या बाजूले. डावीकडं."

"काय करत होती?"

हवालदाराने मान वर करून पाहिलं.

"मले शिकवत होती," त्या म्हणाल्या. "लय चांगलं शिकवत होती. हे बी लिहा."